लाल दिवा विझवणारे गृहस्थ

मुलांनो, मिरजेत ऑपरेशन झाल्यावर तुमच्या आजोबांनी हट्ट धरला, "घरी येईन तर आपल्या जुन्या गाडीतूनच." गाडीचा, बॅटरी चार्ज करणारा डायनामो मात्र जळलेला, आणि त्या जातीचा आता मिळत नाही. साताऱ्यात दोन दुसरे बसवून पाहिले, पण बॅटरी चार्ज होईना आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेना.

शेवटी बाहेरून चार्ज केलेल्या बॅटरीवरच मी त्यांना आणायला निघाले आणि उंब्रजला एका गॅरेजवाल्यांकडे थांबले. काढलेले स्क्रू ते ओठांत धरत, म्हणून बराच वेळ नुसती मान हलवत होते. त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरचा डायनामो काढून आमच्या गाडीला बसवला. दिवा तरीही तसाच. माझा धीर सुटला.

मग त्यांनी स्क्रू हातात घेतले आणि बॅटरीची तार क्षणभर डायनामोला टेकवली. ठिणगी उडाली. गाडी सुरू केली, तर दिवा विझला.

"आवं आजी, तुमच्या जुन्या गाडीत बॅटरी पहिल्यापासनं उलटीच जोडलेली हाय. दुसरा डायनामो बसवला की ठिणगी देऊन त्याला ती दिशा शिकवाय लागती. नव्या सुनेला घरची रीत सांगाय नको व्हय?"

"आम्ही सुना होऊन आलो तेव्हा आम्हाला कुणी सांगितली होती?"

"म्हणून तर ठिणग्या उडत्यात!"

"आणि तुमचा ट्रॅक्टर?"

"नांगरट थांबंल आठवडाभर. पेशंट कशाला थांबवायचा?"

मिरजेत गाडीत बसताच आजोबांनी माझ्याकडे बघायच्या आधी डॅशबोर्डकडे पाहिलं. "विझला की गं!" म्हणाले आणि निवांत डोळे मिटले.

परतताना उंब्रजला मी हॉर्न वाजवला. गॅरेजवाल्यांच्या ओठांत स्क्रू होते. त्यांनी नुसती मान हलवली.