दाराला आडवी बाभळीची फांदी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, अजूनही पूर्ण नाही. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... शिक्षण इंग्लिश मीडियमचं, मराठी सांभाळून घ्या.

शहाद्यात एसटी स्टँडजवळ, एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. घरच्या त्रासातून बाहेर पडलेल्या बायकांना आम्ही मदत करतो. वेबसाइट मी बघते. बायकांचे स्कॅन केलेले फॉर्म – सध्याच्या पत्त्यांसकट – साइटवरच एका फोल्डरमध्ये होते, म्हणजे अक्कलकुव्याच्या कार्यकर्त्यांनाही दिसावेत. साइट बनवणाऱ्याने रोबोट्स डॉट टेक्स्ट नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, की या फोल्डरमध्ये येऊ नका. सर्च इंजिनं ती फाइल वाचतात आणि ऐकतात. शोधून काहीच सापडत नव्हतं, म्हणून आम्ही निश्चिंत.

त्यात धानोऱ्याकडची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. सासरचे तिला शोधत होते. दीर कॉम्प्युटर क्लास चालवायचा.

एका सकाळी ऑफिस उघडायला गेले, तर बंद दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली. ओली, हिरवी. मी ती टाकून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. ऑफिस सांभाळणाऱ्या मालतीताई हसल्या – "इंग्रजी शाळामा शिकेल पोर, आनि काटाले घाबरी गयी."

सेवंती मात्र हसली नाही. ती आमच्याबरोबर काम करते, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली. म्हणाली, त्यांच्याकडे दाराला कुलूप नसतं. घरात कोणी नसलं की अशी फांदी आडवी ठेवतात, मग कोणी आत जात नाही.

"आणि चोर आला तर?"

"चोराला कळेल ना, घर रिकामं आहे ते. आमच्या पाड्यात चोर नाही, म्हणून चालतं."

मला आमची रोबोट्स डॉट टेक्स्ट आठवली. ती फाइल कुणीही उघडून वाचू शकत होतं. नेमकं कुठे बघायचं, ते आम्हीच त्यात लिहून ठेवलं होतं. आणि फोल्डरला साधा पासवर्ड नव्हता.

चहा तसाच ठेवून मी सगळे फॉर्म साइटवरून काढले. दुपारी सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कधी काय उघडलं गेलं त्याची नोंद, बघितला... फॉर्म काढल्यावर थोड्याच वेळात कुणीतरी ती फाइल उघडली होती, आणि लगेच थेट त्या फोल्डरवर गेलं होतं. जुने लॉग तपासले – त्याआधी असं कुणीच आलं नव्हतं.

तो दीर होता की आणखी कुणी, माहीत नाही.

खालच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात आमचा जिना पूर्ण दिसतो. दोन्ही दिवसांचं फुटेज आम्ही तिघींनी पाहिलं. आदल्या संध्याकाळी ऑफिस बंद केल्यापासून माझ्याशिवाय कुणीच चढलेलं नाही, आणि माझे हात मोकळे. मालतीताईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जे कोनी व्हतं, त्याले त्या पोरनी काळजी व्हती."

मुलीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. ती आहे तिथेच आहे, शिलाई शिकतेय. फांदी पुन्हा कधी दिसली नाही... आभार कुणाचे मानायचे, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.