पार्वतीबाई, सूर्यासंगट

बन्सीधर पहिल्यांदा दत्तरावच्या स्टुडिओत आला तेव्हा अख्ख्या पोखर्णीला वाटलं, कुठंतरी ट्रान्सफॉर्मर उडाला. आधी त्याचा आवाज आत शिरला. मग मिशी आली. मग फटफटीचा धूर आला, आणि सगळ्यात शेवटी, चौकटीला डोकं आपटत, बन्सीधर. दत्तराव तेव्हा एका नवरदेवाचा फोटो काढत होता. नवरदेव असा दचकला की अल्बमात आजही मांडवातून पळायच्या बेतात दिसतो.

“बायकोचा फोटो काढायचाय, सूर्यासंगट! मावळतीला. आभाळ लालभडक आन् तोंड ठळक!”

“अवो, हळू बोला. माणूस बहिरा न्हाई,” मागून पार्वतीबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलंच नव्हतं, इतक्या वाळल्या होत्या.

दत्तरावनं भिंतीवरचा सूर्यास्ताचा पडदा दाखवला.

“ह्यो सूर्य हाय का पापड?” बन्सीधर गरजला.

पार्वतीबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या, आणि बन्सीधरकडं हळू आवाजही आहे हे दत्तरावला कळलं. “डॉक्टरनं घरी न्या म्हणलंय,” तो म्हणाला. “ऊसतोडीला असायचो तवा सांजच्याला ती भरल्या गाडीवर मोळ्या रचायला चढायची. खाली मी. मागं आभाळ पेटलेलं, आन् हिचं तोंड…” त्यानं हात वर करून गाडीची उंची दाखवली. “तसा पायजे.”

दुसऱ्या दिवसापासून दत्तराव रोज कॅमेरा घेऊन त्यांच्या बांधावर. पहिल्या फोटोत आभाळ झकास लाल आलं आणि पार्वतीबाई बुजगावण्यासारख्या काळ्या. उजेड वाढवला तर तोंड दिसलं, पण आभाळ धुतल्या धोतरासारखं पांढरं.

“बन्सीमामा, आपला डोळा आभाळाकडं गेला की बारीक होतो, मामीकडं वळला की मोठा होतो, आन् मन दोन्ही जोडून घेतं. कॅमेरा एकदाच बघतो, त्याला एकच माप. आभाळ धरलं की तोंड जातं, तोंड धरलं की आभाळ. आन् हा तांबूसपणा त्याला खोट वाटतो, म्हणून बऱ्याचदा पुसूनच टाकतो.”

“मंग त्याला चष्मा लावा! मला दिसायलंय की!”

फ्लॅश मारला तर पार्वतीबाई रात्री पकडलेल्या चोरासारख्या पांढऱ्याफटक. सूर्याकडं तोंड करून बसवलं तेव्हा मात्र चेहरा सोन्यासारखा उजळला. दत्तराव खूश.

“सूर्य कुठाय?” बन्सीधरनं विचारलं.

“मामी त्याच्याकडंच बघायल्यात.”

“मागं पायजे. पुसा ह्यो फोटो.”

दोन फोटो कॉम्प्युटरवर जोडू का, म्हटल्यावर तर तो उखडलाच. “जोडायला ती काय गोधडी हाय? पुसा म्हणलं ना! चुकीची पार्वती घरात नको.”

दत्तराव पुसायचा. त्या आवाजापुढं दुसरं काय करणार?

पार्वतीबाई बांधावर टेकून धाप टाकायच्या. एकदा त्याच म्हणाल्या, “नुसता तोंडाचा घ्या की. आभाळ काय, रोजच येतंय.”

“गप बस गं. उद्या धूळ बसंल, मंग येतो बरोबर.”

पुढं त्यांना बांध चढवेना. बन्सीधर त्यांना उचलून आणायचा, पदर सारखा करायचा, दोन पावलं मागं सरून डोळे बारीक करून बघत राहायचा. मग दत्तरावच्या कॅमेऱ्यात आलेला फोटो बघायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. तोही पुसला जायचा.

एका संध्याकाळी बन्सीधर एकटाच बांधावर उभा होता. “आज उठंना,” एवढंच म्हणाला. आभाळ त्या दिवशी फार सुरेख लाल होतं. दत्तरावनं कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

त्याच आठवड्यात पार्वतीबाई गेल्या.

हार घालायला फोटो लागला तेव्हा दत्तरावनं आधार कार्डावरचा मोठा करून दिला.