गोदाक्काच्या शेजारची जागा

गोदाक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्यावर कांदे निवडत होते. तिचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "काकी, आई गेली. झोपेतच... चेहरा इतका शांत की..." पुढचं मी ऐकलंच नाही. मनात आलं, घ्या! जातानासुद्धा बाई शांतच! आणि मग हमसून हमसून रडले. महिना उलटला, तरी रडू थांबत नाही आणि रागही जात नाही.

गोदाक्का माझी थोरली जाऊ. कुरुळीच्या एकाच घरात आम्ही दोघी नांदलो, वेगळी घरं पार पुढं झाली. पिंपरीला कारखाना नवा नवा उभा राहिला होता आणि गावातली तरणी माणसं सायकली मारत तिकडं कामाला जायला लागली होती, तेव्हाचे ते दिवस. गोठ्यात साप निघो, इंद्रायणीला पूर येवो, पोर तापानं फणफणो... मी अंगणभर थयथयाट करायची. ही आपली पायरीवर बसून म्हणायची, "हाय की तो हितंच. बस जरा, हौसा." असा संताप यायचा! उपास मी करायचे, एकादशीला देहूला पायी मी जायचे, फोड माझ्या पायाला यायचे, आणि देव मात्र हिच्या शेजारी आयता येऊन बसायचा. माझ्याकडं कधी ढुंकूनही पाहिलं नाही मेल्यानं.

आमच्या दोघींचे नवरे कारखान्यात गेले नाहीत. त्यांना विहीर हवी होती, ती ते स्वतःच खणत होते. पाणी लागायच्या बेताला आलं आणि एका दुपारी वरची दरड ढासळली. दोघे भाऊ खाली. गावातली माणसं दोर घेऊन धावली आणि मी धावले भैरोबाच्या देवळात, कौल लावायला. आमच्याकडं देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, "देवा, दोघं वर येतील का? सांग!" पाकळ्या हलेनात. मी हात जोडले, कपाळ आपटलं, शेवटी ओरडले, "अरे, नाही तर नाही म्हण की!" एकही पाकळी पडली नाही.

तशीच पळत विहिरीवर आले. गोदाक्का काठाजवळ दगडावर बसलेली. धाप लागली म्हणून मी तिच्याजवळ टेकले आणि तिचा हात घट्ट धरला. बघते तर तिचा चेहरा निवांत! "तुझा देव आला वाटतं?" मी दातओठ खात विचारलं. तिनं नुसती मान हलवली, "व्हय."

संध्याकाळी माझा नवरा जिवंत वर आला. पायानं कायमचा अधू झाला, पण आला. तिचा आला नाही... माझं कुंकू राहिलं, तिचं पुसलं, आणि तरीही हेवा मीच करत राहिले. ती रडली, पार खचली. पण एकटी पडल्यासारखी कधी दिसली नाही. नवरा शेजारी घोरत असताना मी मात्र एकटी असायची.

ती जायच्या आठवडाभर आधी मी तिच्या खाटेशी बसले होते. म्हटलं, आता तरी विचारून घ्यावं. "अक्का, त्या दिवशी विहिरीवर तुला भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं. उडी टाकावी म्हणून काठाला गेलते."

"मग? देव कवा आला?"

"तू पळत आलीस, पदराचं भान न्हाई, धापा टाकतीस... माझ्याजवळ टेकलीस आन हात धरलास. म्हणलं, आला."

"अगं, ती मी होते!"

"मग? त्यानं कुणाला धाडायचं हुतं?" एवढं बोलून तिनं डोळे मिटले.

घरी येऊन मी चूल पेटवली नाही. इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते तिच्याजवळ होतं काय, तर मी! तिच्या ओट्यावर, ती बसायची तिथं, मी हल्ली रोज दुपारी जाऊन बसते. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, आता माझी पाळी जवळ आली हे कळतं. मी जरा सरकून शेजारी जागा करते आणि रस्त्याकडं बघत राहते. कंपनीची पोरं शिफ्टला जातात. कुणी थांबत नाही. हेवा अजून वाटतो, गोदाक्का. तुला मी होते गं... मला कोण?