झाकणावरचं पाणी

भुशात उभी पुरलेली बाटली माय दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत वर काढायची, आणि बाटलीच्या जागी एक गोल, गुळगुळीत बोगदा मागे राहायचा… तेवढा वेळ मी श्वास रोखून धरत असे. हात जरा घाईनं हलला, की कडेचा भुसा आत ढासळायचा आणि सगळा डबा उपसून पुन्हा भरावा लागायचा. मायचा हात कधी हलला नाही. पहाटेच्या करड्या उजेडात पत्र्याच्या डब्यासमोर उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेली, ओठ घट्ट मिटलेली माझी आई… माझ्या बालपणाचं पहिलं चित्र हेच आहे. ते आठवलं की मला आधी माया दाटून येत नाही, राग येतो.

भुशाची शेगडी ज्यांनी पाहिली नसेल, त्यांना सांगते. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, बुडाशी एका बाजूला हात जाईल एवढं भोक. मध्ये एक बाटली उभी करायची, भोकातून दुसरी आडवी सारायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग दोन्ही बाटल्या काढून घेऊन खालच्या भोकातून एक पेटतं चिपाड आत सरकवायचं. ज्वाळ अशी फारशी नसेच. भुसा आतल्या आत लाल होत, धुमसत, दुपार उलटेपर्यंत जळत राहायचा. दादा, म्हणजे माझे वडील, लाकडाच्या वखारीत आरायंत्रावर कामाला होते आणि सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून भुसा आणायचे. सागाचा भुसा तेलकट, गोडसर वासाचा, बाभळीचा तुरट, कडुनिंबाचा धूर मात्र असा कडवट, की तो नाकातून थेट जिभेवर उतरायचा. माय पोत्यात हात घालायची, मूठभर भुसा हुंगायची आणि म्हणायची, "आज लिंब लई आलाय." दादांच्या शर्टाला, भुवयांनासुद्धा तो वास असायचा, आणि मला वाटायचं की सगळ्याच वडिलांना असा लाकडाचा वास येत असतो.

त्या शेगडीवर माय उडदाचं घुटं शिजवायची. सालासकटची उडदाची डाळ, भाजलेल्या ज्वारीची मूठभर भरड, वाळलेल्या मिरच्या आणि निखाऱ्यात सालीसकट भाजलेली लसणाची अख्खी गड्डी. हे सगळं जर्मनच्या पातेल्यात घालून, वर खोलगट ताटली झाकून, त्या ताटलीत पाणी ओतून ती कामाला निघून जायची. मग राखण माझ्याकडे. मी नऊ वर्षांची होते आणि माझी शाळा दुपारची होती. उगीच झाकण उचलायचं नाही, ही एक अट. झाकणावरचं पाणी आटू द्यायचं नाही, ही दुसरी. डाळ खाली लागते आहे असा वास आलाच, तर ताटलीतलं तेच कढत पाणी आत ओतायचं. थंड पाणी पडलं की डाळ रुसते, असं माय सांगायची. ताटलीतल्या पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे येत, पातेल्याच्या कडेनं लसणाची वाफ निसटत राही, आणि मी समोर पाटी घेऊन बसलेली असे.

परवा माझ्या मुलीनं पुण्याहून एक विजेचं भांडं पाठवलं. मंद आचेवर आठ-आठ तास शिजवणारं, स्लो कुकर म्हणतात ते. सोबत नवशिक्यांसाठी सोप्या पाककृतींची एक गुळगुळीत पुस्तिका. पहिल्याच पानावर सल्ला दिलाय, की सगळं आत टाका, झाकण लावा आणि विसरून जा. पुंडलिकनगरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी ते दोनदा वाचलं. विसरून जा म्हणे. हे लिहिणाऱ्यानं जन्मात कधी शेगडी भरली नसावी.

माय एका मुलींच्या वसतिगृहात भांडी घासायची. कुठल्या, ते सांगत नाही. सांगून आता कुणाचं काय वाकडं होणार आहे? तिथं सगळे तिला 'मावशी' म्हणत. दोन वर्षांत तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं, आडनाव तर नाहीच नाही. भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारता आली की पुरते. राखेनं आणि सोड्यानं तिच्या बोटांची टोकं फुटलेली असायची, आणि मिरची कुटताना ती बोटं ती एखादा क्षण हवेत धरून ठेवायची… मग पुन्हा कुटायला लागायची.

एकदा तिथली स्वयंपाकीण काम सोडून लेकाकडे राहायला गेली आणि पोरी आठवडाभर करपलेली खिचडी खात राहिल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी वसतिगृहाच्या मोठ्या बाई मागच्या मोरीकडे आल्या, तेव्हा माय तिथं आदल्या दिवशीच्या घुट्याचा डबा उघडून बसली होती.

"मावशी, काय आणलंय हो? वास पार माझ्या खोलीपर्यंत आला."

मायनं चमचाभर चाखायला दिलं. मोठ्या बाईंनी उभ्याउभ्या अर्धा डबा संपवला. येत्या रविवारी कमिटीची मंडळी जेवायला आहेत, त्या म्हणाल्या, तुम्हीच करा सगळं; त्यांना आवडलं तर स्वयंपाकघर तुमचंच.

'स्वयंपाकघर तुमचंच' हे शब्द माय त्या संध्याकाळी घरात चार वेळा म्हणाली. चौथ्या वेळी दादांनी तिला चिडवलं, "व्हय, आता आमाला जेवायला कमिटीत यावं लागतंय." माय हसली. दात दिसतील एवढं हसताना मी तिला फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते लख्ख आठवतं. तिला त्या मोरीतून बाहेर पडायचं होतं. तिला एवढंच हवं होतं.

वसतिगृहात गॅस होता. पण "गॅसवर बी घुटं व्हतं, पर ते घुटं नाय," असं म्हणून मायनं दादांच्या सायकलवरून शेगडीचे दोन मोठे डबे तिकडे नेले. रविवारी झुंजूमुंजू होताना मागच्या अंगणात तिनं ते भरले. दोन शेगड्या, दोन भलीमोठी पातेली, आणि झाकणावरच्या पाण्याची राखण करायला तांब्या घेऊन मी. त्या दिवशीसारखी राखण मी पुन्हा कशाचीच केली नाही. दुपारी पंगत बसली. पोरी वाढून घेतायत, कमिटीची माणसं बोटं चाटतायत, मोठ्या बाई मायकडे बघून मान डोलावतायत, आणि माय दाराशी उभी, पदरानं तेच तेच कोरडे हात पुसत.

कमिटीतल्या एकांच्या पत्नी तिथं होत्या. त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांनी मला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं, माझ्या वेणीची रिबीन सारखी केली. "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं!" म्हणाल्या. वाटीतलं घुटं त्यांनी दुसऱ्यांदा घेतलेलं होतं. मग अगदी मायेनं, घास कालवता कालवता त्यांनी विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं गं?"

हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तेव्हा नव्हतं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याच्या शेजारी डोळे मिटलेले बुद्ध होते; विहारात पाठांतरात मला पेन मिळालं होतं; आणि दादांनी शिकवलं होतं, की कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं. मी उठून उभी राहिले. शाळेत उभं राहतात तशी, हात सरळ खाली सोडून.

"आमच्यात कुलदैवत नसतं. आम्ही बौद्ध आहोत."

"हो का. छान," काकू म्हणाल्या. कालवलेला घास ताटातच राहिला. एका बोटानं त्यांनी वाटी जराशी लांब सारली, जराशीच, आणि हात धुवायला उठल्या. मग त्यांच्या शेजारच्या बाई उठल्या. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट बोललं नाही. सभ्य माणसं होती ती. पलीकडच्या पंगतीतल्या पोरी मात्र अजून "मावशी, घुटं" म्हणून ओरडत होत्या, आणि माय त्यांना वाढत होती. तिनं माझं वाक्य ऐकलं होतं की नाही, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी तिला सांगितलं, की मुलींच्या पालकांचा प्रश्न असतो, माझं स्वतःचं काही नाही हो मावशी, आणि भांड्यांचं तुम्ही छानच करता. मग जाता जाता म्हणाल्या, सिल्लोडकडच्या एक बाई येतायत, त्यांना तेवढं घुटं शिकवून ठेवा… पोरींना फार आवडलंय.

आणि मायनं शिकवलं. मला राग येतो तो इथं. चार सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून त्या नव्या बाईला सांगत होती, कारण आत ये असं आता कुणी म्हणत नव्हतं. ती बाई काही वाईट नव्हती. बिचारी अगदीच नवशिकी होती. बाटली काढताना तिचा हात थरथरायचा, बोगदा ढासळायचा, आणि माय बाहेरून म्हणायची, "घाई नको बाई. फिरवत फिरवत वर घ्या." शाळेआधी मी तिथं थांबत असे. घरी आल्यावर मी रडत म्हटलं, माय, तिला खोटं सांग ना, लसणाचं सांगू नकोस. मायनं माझी वेणी सोडली आणि पुन्हा घट्ट घातली. दादांनी विचारलं, कुणी काय बोललं काय? "कुणी नाय," ती म्हणाली.

आमचे शेगडीचे ते दोन डबे तिथंच राहिले. पुढची अकरा वर्षं माय तिथंच भांडी घासत राहिली. दर रविवारी घुट्याच्या पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरवड तीच काढायची, तिच्याच घुट्याची. आणि पंगतीच्या त्या दिवसापासून आमच्या घरी घुटं शिजलं नाही. मीही कधी मागितलं नाही. मला वाटायचं, सगळं माझ्या एका वाक्यामुळं झालं… तिनं बोलून दाखवलं नाही, एवढाच तिचा मोठेपणा. मग मी शहाणी झाले. कॉलेजात, नोकरीत, शेजारीपाजारी कुणी कुलदैवत विचारलं, की "आमच्याकडं फारसं काही करत नाहीत" असं म्हणून हसायला शिकले. ते हसू मला आता इतकं सफाईनं येतं, की त्याचा वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात बदलून आलेल्या वर्षाताईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला. झाकण निघालं आणि माझा हात घासासकट थांबला. भाजलेला लसूण, ज्वारीची भरड… "आमच्या वसतिगृहातलं घुटं आहे हे," वर्षाताई कौतुकानं म्हणाल्या. "तिथल्या स्वयंपाकीणबाईंची खासियत होती. मी त्यांच्याकडून उतरवून घेतलं. तुमच्यात करतात का?"

"नाही," मी म्हटलं. मला कृती द्याल का, असंही म्हटलं. स्वतःच्या आईचं घुटं मी परक्या बाईच्या वहीतून मागून घेतलं, आणि वर 'थँक्यू' म्हटलं. वर्षाताईंनी उरलेलं घुटं डब्यासकट मला दिलं. घरी आल्यावर मी त्यांनी लिहून दिलेला कागद वाचला. सगळं होतं त्यात. लसूण सालीसकट भाजावा. भरड आधी कोरडी परतावी. आणि शेवटी अधोरेखित करून… झाकणावर पाणी ठेवावं, लागलं तर तेच आत घालावं, थंड पाणी घालू नये. मायनं त्या बाईपासून काही म्हणजे काही लपवलं नव्हतं.

काल रविवारी मी ते केलं, मुलीनं पाठवलेल्या त्या भांड्यात. त्याचं काचेचं झाकण घुमटासारखं. त्यावर पाणी थांबत नाही. मी ते काढून ठेवलं आणि स्टीलची खोलगट ताटली झाकली. पुस्तिकेत असं करू नका म्हणून लिहिलंय. दुपारी मायपुढं ताट ठेवलं. ती आता माझ्याकडेच असते. दात गेलेत, ऐकू मात्र नको तेवढं येतं. भाकरीचा तुकडा घुट्यात बुडवून तिनं तोंडात घातला आणि बराच वेळ नुसता घोळवला.

"कुणी शिकवलं गं?"

मी सांगितलं. कार्यालय, वर्षाताई, वसतिगृह, वही, सगळं.

"तिला सांगितलंस का? कुणाचं हाय ते?"

मी तिच्या वाटीत आणखी घुटं वाढलं. मायनं दुसरा तुकडा मोडला, पण बुडवला नाही.

"तवा तर सांगितलं व्हतंस छाये," ती म्हणाली. "एवढीशी व्हतीस. हात खाली सोडून, मान वर करून. मी दारातनं बघत व्हते. घरी येऊन तुज्या दादाला म्हनले, पोरगी आपली वाकायची नाय."

मग तिनं वाटी लांब सारली आणि लोणच्याशी भाकरी खाल्ली. चाळीस वर्षांत जमा केलेली सगळी सफाई, सगळं हसू तिनं त्या वाटीबरोबर लांब सारलं होतं.

वर्षाताईंचा डबा महिनाभर घासून ओट्यावर पडून होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हेही मायनंच शिकवलेलं; म्हणून आज सकाळी तो घुट्यानं भरला, वर झाकण लावलं, रुमालात बांधला. कार्यालयाला निघायची वेळ कधीच टळून गेली आहे. डबा देताना, घुटं कुणाचं ते सांगून, जे म्हणायचं, ते वाक्य मला नवव्या वर्षी तोंडपाठ होतं, आणि आज मी ते ओट्याशी उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणून बघते आहे.