पूर्णाकाठी वाटलेली मदत

तुम्हाला म्हणून सांगतो, चांगलं काम करायला गेलेल्या माणसांकडे किस्से फार साठतात. वाईट काम करणारे निदान गप्प तरी बसतात!

आमची पूर-कमिटी म्हणजे जालन्याचे आम्ही तिघं: सरकी-कापसाचे व्यापारी रतनशेठ, भाषणाची हौस असलेले वकीलसाहेब आणि शाळामास्तर मी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. त्या पावसाळ्यात पूर्णेला पूर आला आणि जाफराबादेकडचं एक गाव निम्मं वाहून गेलं. शेठजींच्या ट्रकमध्ये ज्वारी आणि कपडे भरून आम्ही निघालो. अजूनही तिघं जमलो की कुणीतरी त्याच गोष्टी काढतं. हसायला सुरुवात होते, पण पुरतं हसणं काही होत नाही.

*

कपडे घरोघर फिरून गोळा केलेले. लोकांनी ट्रंका रिकाम्या केल्या होत्या. गावात गाठोडी सोडली, तर लोकरी कोट निघाले, टाय निघाले, नवरदेवाची एक शेरवानीसुद्धा निघाली!

एक बाई पुढे आली. अंगावरचं लुगडं चिखलानं कडक झालेलं. मी तिला त्यातल्या त्यात बरं पातळ दिलं. तिनं ते उलगडलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि त्यातून आमच्याकडे पाहिलं.

"मास्तर, ह्याच्यातून तर तुमी समदे दिसून राह्यले!"

रतनशेठ मोठ्यानं हसले. मग त्यांना आपल्याच घरातल्या पातळाचे काठ ओळखू आले.

*

वकीलसाहेबांनी कॅमेरा आणला होता. शेठजी एका म्हातारीला ब्लँकेट देतायत, असा फोटो हवा होता. दिलं, तर ऊन गेलं. ब्लँकेट परत घेतलं. पुन्हा दिलं, तर शेठजींची टोपी वाकडी. पुन्हा परत. मग म्हातारी कॅमेऱ्याकडे बघेना.

शेवटी एकदाचा फोटो निघाला. म्हातारीनं आपणहून ब्लँकेटची नीट घडी घातली आणि शेठजींपुढे धरली.

"घ्या बाबा. झालं न्हवं तुमचं काम? मी जाऊ का मंग?"

*

वाटप सुरू होण्याआधी वकीलसाहेब मारुतीच्या पारावर चढले. धीर, देश, नवं स्वराज्य, सगळं झालं. खाली माणसं उपाशीपोटी भांडी घेऊन उभी. तरी साहेबांचं "आणखी एकच मुद्दा" चालूच!

मागून एकजण ओरडला, "साहेब, पाणी उतरलं. तुमी कवा उतरता?"

*

दुपारी खिचडी शिजवली. नदीच्या अगदी कडेला महारवाडा होता, सगळ्यात जास्त नुकसान तिथलं. पंगत बसताना गावचे पाटील म्हणाले, "त्यांची पंगत बांधापल्याड." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग निम्म्या पत्रावळी बांधापलीकडे पाठवल्या.

बांधापलीकडे मी वाढायला गेलो. पत्रावळीपुढे बसलेला एक गडी म्हणाला, "मास्तर, पाणी आलं तवा समदं गाव शाळेच्या पत्र्यावर एका जागी बसल्तो. पाटलीणबाईला म्या हाताला धरून वर वढलं. तवा कुनी म्हनलं न्हाई, न्यारा बस."

जालन्यात समतेवर तासभर बोलणारे वकीलसाहेब माझ्या मागेच उभे होते.

"वाढा, मास्तर, जल्दी वाढा," ते म्हणाले. "गार होतेय."

*

परत निघालो, तर गावाबाहेरच्या ओढ्यात ट्रक रुतला. ज्यांना मदत करून आलो, तीच माणसं दोर घेऊन आली आणि त्यांनी ट्रक ओढून काढला. वर म्हणाली, "उपाशी कसं जाता? भाकर खाऊन जा."

पडक्या भिंतीच्या आडोशाला चूल होती. गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा. वाढण्याच्या नादात खिचडी आमच्यापुरती उरलीच नव्हती; आम्ही दिवसभराचे भुकेले, आडवा हात मारला. वकीलसाहेबांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

"काय गोड ज्वारी आहे हो तुमची!"

घरधनी म्हणाला, "तुमचीच हाय, साहेब. सकाळी तुमीच तर दिली."

*

दुसऱ्या खेपेला माणशी एक मापटं ज्वारी द्यायची ठरली. माप माझ्या हातात, चौकशी वकीलसाहेबांकडे. पहिल्या खेपेला काहींनी जास्तीची माणसं सांगून ज्वारी नेली, असं कानावर आल्यानं साहेब फार कडक झाले होते.

एक म्हातारा धोतराचा सोगा पसरून पुढे आला.

"घरात माणसं किती?"

"चार."

मी चार मापटी टाकली. मागे उभा असलेला शेजारी हळूच म्हणाला, "तात्या, तीन म्हना. तीन."

वकीलसाहेब उसळले. "या वयात खोटं बोलता? दुसऱ्याच्या तोंडचा घास चोरता?"

शेजाऱ्यानंच सांगितलं, "त्याचा थोरला गेला, साहेब. पाणी शिरलं तवा बैल सोडाया गेल्ता. आलाच न्हाई."

वकीलसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "असू द्या, तात्या. न्या तेवढी."

तात्यानं माझ्या हातातून मापटं घेतलं. सोग्यातली ज्वारी त्यात शिगोशीग भरली आणि पोत्यात परत ओतली.

"इसरलो, साहेब," तो म्हणाला. मग सोगा आमच्यापुढे धरला.

"आता बराबर हाय का, बघा."