भातगावच्या खळ्यात

माझा बाप खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहायचा. हंगाम संपला की काम संपलं, मग पावसाळाभर मिळेल ते. माय तेलाच्या मिलमध्ये शेंगदाणे निवडायला जायची. आम्ही पाच जण एका खोलीत, आणि बापाचा खोकला सहावा. घरात ज्वारी असली तर भाकर, नाहीतर कण्या. हे मी कोणी हळहळावं म्हणून लिहीत नाही. त्या खोलीतून मी अकोल्याच्या कॉलेजात गेलो, सुट्टीत येऊन गाठी वाहिल्या आणि इतिहास घेऊन बी.ए. झालो. आमच्या सगळ्या गोतात पहिला. त्याचा मला तेव्हा गर्व होता आणि आजही आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मला खामगावातच शाळेत नोकरी लागली, दोन खोल्या मिळाल्या, लग्न झालं. बायको वरवट बकालची. तिच्या बापाची विहिरीवरची भाजीची वाडी होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण बोलायला अशी फटकळ की माझी मायही तिच्यापुढे जरा जपून असायची.

पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं अकरा दिवस जगलं. त्यानंतर तिचं बोलणं थांबलं. भांडण नाही, रडणं नाही, विचारलं तर "हो" नाहीतर "नाही". भाकरीचा चतकोर खायची, तोही मी समोर बसलो तर. अंगावरची चोळी सैल झाली.

माय वाईट बाई नव्हती. पण तिला नातवंड हवं होतं, आणि बाप खोकून खोकून गेल्यापासून ती घाईला आली होती. एक दिवस मला म्हणाली, "पोरगी चांगली हाय, मी काई नाव ठेवत नाही. पण आपल्या घरात लेकरू पायजे का नाही? डोणगावले एक पोरगी पाहून ठेवली हाय. दिवाळी होऊ दे."

"माय, आता कायद्यानं दुसरी करता येत नाही."

"कायदा काय तुले पाणी पाजाले येनार हाय का बे?"

बायको चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवशी ती कितीतरी आठवड्यांनी पूर्ण वाक्य बोलली. "तुमी करा दुसरी. मी वरवटले राहीन." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी घाबरलो.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, थंड ठिकाणी न्या. चिखलदरा जवळ होतं. पण तिला हवेपेक्षा माणसांचा त्रास जास्त होता. दळणाच्या गिरणीत, लग्नात, एस.टी.त, कुठेही बाई भेटली की पहिला प्रश्न, "लेकरं किती?" मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे हे विचारणारं कोणी नसेल. आमच्या शाळेतले संस्कृतचे म्हातारे मास्तर पशुपतिनाथाला जाऊन आले होते. म्हणाले, "नेपाळला जा. पासपोर्ट लागत नाही, आणि तुमच्या इतिहासाला तिथे जुनी शहरं बघायला मिळतील." घरावर नवे पत्रे टाकायला ठेवलेले पैसे होते, ते मी काढले. माय दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच दशम्या करून दिल्या.

गल्लीत बातमी पसरली की मास्तर बायकोला घेऊन परदेशात चालला. मी कॅनव्हासचे नवे जोडे घेतले. लायब्ररीतल्या पुस्तकांतून नेपाळच्या राजवंशांची टिपणं काढून एक वही भरली. कोणत्या दिवशी कोणतं देऊळ, तेही लिहिलं.

जलंब, भुसावळ, इटारसी, पाटणा. पाटण्याला गंगेवर बोटीने पलीकडे, पुन्हा गाडी. त्या गाडीत एका बाईने हिंदीत विचारलंच, "बच्चे कितने हैं?" बायकोने तोंड खिडकीकडे केलं. सरहद्द टांग्यातून ओलांडली, तेव्हा "आता आपण परदेशात" असं मी मोठ्याने म्हणालो. ती म्हणाली, "हो." पुढे दिवसभर बस डोंगर चढत राहिली आणि ती दिवसभर ओकत राहिली.

काठमांडूत पहिले तीन दिवस मी तिला वहीप्रमाणे फिरवलं. देवळापुढे उभं करायचं आणि वाचायचं, हे कोणत्या राजाने बांधलं, ते कोणत्या. ती पदर कानावरून घट्ट घेऊन उभी राहायची आणि "हो" म्हणायची. स्वयंभूच्या टेकडीच्या पायऱ्यांशी ती खालीच बसली. मी एकटा वर गेलो, स्तूप पाहिला, खाली आलो. ती तशीच बसलेली होती. मला तिचा रागही आला, खोटं कशाला लिहू. इतका खर्च, इतका प्रवास, आणि हिने मान वर करून पाहू नये.

चौथ्या दिवशी भातगाव. काठमांडूजवळचंच जुनं शहर, विटांचे रस्ते, आणि एका चौकात पाच मजली उंच देऊळ. मी वही उघडली. त्या छपरांना खालून आधार दिलेल्या लाकडी खांबांवर इतकं कोरीव काम होतं की मी मान वर करून, एकेक मजला वाचत, मागे मागे सरकत गेलो.

"अहो! पाय! पाय काढा आधी!"

मी दचकून खाली पाहिलं. चौकभर गवती चटया अंथरल्या होत्या आणि त्यांच्यावर भात वाळत टाकला होता. मी त्याच्या मधोमध उभा होतो.

"खळ्यात जोडे घालून शिरता? बी.ए. झाले, अन् खळं ओळखू येत नाही तुमाले? देवळाकडं पाहून राह्यले, अन् लक्ष्मीवर पाय देऊन उभे!"

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला, पण तिचाच होता. तिने स्वतःच्या चपला केव्हाच काढून हातात घेतल्या होत्या. आमच्याकडे खळ्यात कोणी जोडा घालून शिरत नाही. मजुरीला जाणारी माझी माय तर दुसऱ्याच्या खळ्यातसुद्धा पाय धुऊन जायची. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी एका पायावर उभा राहून जोडा काढायला गेलो आणि तोल जाऊन भातावरच बसलो.

चटईच्या कडेला एक म्हातारी भात पाखडत होती. ती अशी हसली की तिच्या हातातलं सूप थांबलं.

बायको हसली नाही. तिने माझे जोडे घेतले, तळाच्या खाचांत अडकलेले दाणे नखाने एकेक काढले आणि चटईवर परत टाकले. मग विस्कटलेला भात हाताने सारखा करू लागली. म्हातारीने थोडा वेळ पाहिलं आणि दुसरं सूप तिच्याकडे सरकवलं.

तिथलं सूप गोल, ताटासारखं, पुढे तोंड नसलेलं. बायकोने आपल्या पद्धतीने झटका दिला तर भुसा राहिला आणि दाणे बाहेर. म्हातारीने तिच्या मनगटावर चापट मारली आणि आपल्या बोलीत काहीतरी सुनावलं.

"थांब ना माय, आमच्याकडं असं नसते. शिकू तर दे!"

म्हातारीला वऱ्हाडी कळत नव्हतं, हिला तिची बोली कळत नव्हती. दोघी तासभर बोलत होत्या. मी भिंतीपाशी अनवाणी बसलो होतो. वही मिटलेली होती.

दुपारी म्हातारीने पोहे, भाजलेले कसलेसे काळे दाणे आणि मुळ्याचं लोणचं वाढलं. खाताना तिने बायकोकडे पाहिलं आणि हात जमिनीपासून वीतभर वर धरला. मग भुवया उंचावल्या. प्रश्न तिथेही आलाच. मी उठणार होतो, तोच बायकोने दोन बोटं दाखवली आणि मग तळहात उलटा करून जमिनीवर ठेवला. म्हातारीने मान हलवली. स्वतःची तीन बोटं वर केली आणि तिनेही हात तसाच जमिनीवर ठेवला. मग बायकोच्या पानात आणखी पोहे टाकले. बायकोने ते सगळे खाल्ले आणि हाताने खूण करून आणखी लोणचं मागितलं.

संध्याकाळी मी म्हणालो, उद्या वहीत पलीकडच्या पाटण शहरातली देवळं आहेत.

"तुमी पाहून या. मी इथंच राहीन, भात अजून पडला हाय."

पाटण राहिलं. आम्ही भातगावातच एका दुकानाच्या वरची खोली घेतली आणि उरलेले दिवस तिथे काढले. सकाळी ती खळ्यात, दुपारनंतर आम्ही दोघं शेतांतून चालायचो. तिथे नांगर नाही, बैल नाही. माणसं कुदळीने सगळं रान उकरतात. तिला ते पटेना.

"बैल काऊन नाही ठेवत हे लोक? कंबर नाही मोडत का?"

"वाफे लहान आहेत, बैल वळणार कसा?"

"हाव, तेही खरं." मग एका वाफ्यापाशी थांबून, "पण कांद्याचं रोप किती दाट लावलं पाहा. वरवटले बापानं असं लावलं असतं तर मायनं झोडपलं असतं."

मी सांगत होतो ते राजे तिने एकदाही ऐकले नाहीत. मला मात्र दाट रोप आणि पातळ रोप यांतला फरक कळला.

परत निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बांधावर बसलो होतो. समोर बर्फाचे डोंगर होते. ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "त्याच्या कानाच्या पाळ्या तुमच्यासारख्या होत्या. चिकटलेल्या."

दुसरं बाळ. अकरा दिवसांत मी त्याला नीट पाहिलंच नव्हतं. वरवटला ती बाळंतीण, इकडे माझ्या शाळेत परीक्षा. एका रविवारी तासभर जाऊन आलो होतो, तेव्हा ते गुंडाळलेलं, झोपलेलं.

"मले माहीत नव्हतं," मी म्हणालो. कॉलेजात गेल्यापासून मी पुस्तकी भाषेत बोलायचो, तिच्याशीही. त्या दिवशी नाही बोलता आलं.

"तुमी विचारलंच नाही ना."

खरं होतं. मी तिला डॉक्टर दिला, हवा दिली, परदेश दिला. बाळ कसं होतं, हे विचारलं नव्हतं. मग विचारलं, आणि तिने अंधार पडेपर्यंत सांगितलं. पहिल्याचंही सांगितलं. दोघं रडलो. शेतातून परतणारी माणसं पाहत होती, पाहोत.

खामगावला पोचलो तेव्हा माय दारात होती. सुनेला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "वाळली नाही तू. भरली जराशी."

बायकोने बोचकं खाली ठेवलं. "डोणगावच्या पोरीले दुसरीकडं द्याले सांगा. मी काई वरवटले जात नाही."

मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ती सांगते तेच."

मायने ते बोचकं उचलून आत नेलं. मग म्हणाली, "बरं. हात-पाय धुवा. पीठ भिजवते." पुढे तिने तो विषय काढला नाही. नातवंड नसल्याची खंत तिला शेवटपर्यंत होती, आणि ते मी समजू शकतो.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. मी दुसरं लग्न केलं नाही. बायकोने शाळेमागची पडीक जागा मागून घेतली आणि तिथे वांगी, मेथी आणि कांदा पिकवला. ती माझ्या घरात राहिली, आजही आहे, पोटभर जेवते आणि मनात येईल ते बोलते.