नखोनच्या जाऊबाई

कुणी ‘बँकॉकवाली’ म्हटलं की आमच्या जाऊबाई हातातलं काम खाली ठेवून भांडायला उभ्या राहत. मग समोर हॉटेलचा मालक, खुद्द अर्बाब असो, नाहीतर नागपूरहून आलेल्या आमच्या सासूबाई. “बँकॉक नाही. नखोन सी थम्मरात!” पूर्ण नाव घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माझे थोरले दीर मस्कतच्या एका हॉटेलात इंजिनिअर होते आणि जाऊबाई तिथल्याच स्वयंपाकघरात. सासूबाईंना हे लग्न कधीच रुचलं नाही. त्या मुद्दाम बँकॉकच म्हणत.

मस्कतजवळ सीबला आमच्या घरी आल्या की जाऊबाई ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने आपला प्रांत काढून दाखवत. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला समुद्र, मधे वाळूचा लांबट उंचवटा आणि त्यावर गाव. “बँकॉक कालचं पोर! आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी राजे होते. लंकेहून भिक्खू आले, केवढा स्तूप झाला!” मी पोळ्या लाटत ऐकायची. मला निम्मंच कळायचं, पण त्यांचा तोरा बघण्यासारखा असायचा.

त्यांची आवडती गोष्ट कापडाची. फार पूर्वी लंकेला निघालेलं जहाज फुटलं. बुद्धाचं चरित्र रंगवलेलं लांबलचक कापड किनाऱ्याला लागलं आणि त्यामागोमाग थोडी परकी माणसंही. राजाने ते कापड स्तूपाला गुंडाळायला लावलं. तेव्हापासून सगळं गाव दरवर्षी असं कापड डोक्यावर धरून मिरवत नेतं.

एका बुद्धपौर्णिमेला आम्ही मस्कतच्या रुवी भागातल्या एका फ्लॅटवर वंदनेला जमलो होतो. जाऊबाईंनी पिशवीतून पिवळ्या कापडाचा गठ्ठा काढला. आमच्या बौद्ध मंडळातले ज्येष्ठ काका लगेच म्हणाले, “ताई, हे कर्मकांड नको. यातूनच तर आपण बाहेर पडलोय.”

“बस कर आता, खलास!” तेव्हा मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनीही जाऊबाईंना दटावलं.

“काका, यात भटजी कुठे आहे?” जाऊबाई म्हणाल्या. “आमच्याकडे कोळी आणि कलेक्टर एकच कापड धरतात. हे पण नको तुम्हाला?”

काकांनी काही हो म्हटलं नाही. जाऊबाई त्यासाठी थांबल्याही नाहीत. “यल्ला, चला!” म्हणून त्यांनी कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही चार बायका आणि खिदळणारी पोरं, सोफे भिंतीला सरकवून मूर्तीच्या टेबलाभोवती फिरलो. काका आणि सासूबाई खुर्चीतून हलले नाहीत. जाऊबाईंचा मला फार अभिमान वाटला.

मागच्या वर्षी दिरांचं कंत्राट संपलं आणि ते दोघं नागपूरला सासूबाईंकडे राहायला गेले. विमानतळावर मला रडू आवरेना, तर जाऊबाई माझ्यावरच डाफरल्या. “रडतेस काय? मी काय तिकडे वाकायला चाललेय?”

यंदाच्या पौर्णिमेला सासूबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. “तुझी जाऊ भर रस्त्याने कापड घेऊन निघाली! अर्धी वस्ती तिच्यामागं!”

“मग तुम्ही काय केलंत, आई?”



“काय करू मंग? मागचं टोक मातीत लोळत होतं. धरलं मी.”